पाच नंबरची ओ

१

चहाचे कप सात आणि प्यायला माणसं सहा, इथून त्या दुपारची सुरुवात झाली.

हॉटेलच्या जेवणघरात चार वाजता चहा मांडला होता. गाइडबाईंनी सात कप सांगितले होते, कारण पावणेतीनला उत्सवाच्या मैदानावरून बस सुटण्याआधी सात आकडे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. सहलीचा नियमच तसा होता. प्रत्येकाला एक नंबर दिलेला, बसमध्ये बसलं की गाइडबाई दारातून "मोजणी!" म्हणायच्या आणि ज्याने त्याने आपल्या आकड्याची ओ द्यायची. सातही आकडे आले की बस हलायची. आजही सातही आले होते. आता मात्र सातव्या कपावर साय धरत होती आणि तिकडे कोणी बघतही नव्हतं.

बघत होत्या त्या फक्त हजेरीमावशी. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं कामगारांची हजेरी घेतली होती, हे पहिल्या दिवशी कळलं आणि एक नंबरने, म्हणजे एका हाउसिंग सोसायटीच्या चेअरमनांनी, तिथल्या तिथे बारसं करून टाकलं.

"आजोबा कुठायत?" मावशींनी विचारलं.

"झोपले असतील हो," चेअरमन बिस्किट चहात बुडवत म्हणाले. बिस्किटाचा ओला तुकडा कपात पडला तो त्यांनी बोटाने काढून खाल्ला. "वय झालंय. आपण साडेपाचला गच्चीवर भेटायचं, विसरू नका. पहिल्या रांगेच्या खुर्च्या मी सांगून ठेवल्यात, पण पाचच्या आत जाऊन बसलं नाही तर दुसरे लोक पटकावतील."

संध्याकाळची मोठी मिरवणूक हॉटेलच्या समोरून जाणार होती. सबंध देशातून लाखो भाविक त्या एका दिवसासाठी या शहरात लोटले होते आणि चेअरमनांना चिंता होती ती खुर्चीची. मावशींनी आपला कप बाजूला सारला.

आजोबांची सून वर जाऊन खोली बघून आली. "बाबा खोलीत नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की ते तिला दोनदा सांगावं लागलं. मग लिफ्ट, बाथरूम, गच्ची, खालचं दुकान सगळं पालथं घातलं. आजोबा कुठेच नव्हते.

आजोबा म्हणजे पाच नंबर. वय अठ्ठ्याहत्तर, कानांनी अधू, स्वभावाने कुणाच्या अध्यात ना मध्यात. सहलीची निळी टोपी त्यांना मोठी व्हायची म्हणून मागे सेफ्टी पिन लावून ती त्यांनी आवळून घेतली होती. पोरगा सहा नंबर, सून सात. बापाला परदेश दाखवायला आणलंय, हे पोरगा दिवसातून चारदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचा. आणि त्याच तोंडाने बापावर खेकसायचाही. आज सकाळीच जेवणघरात खेकसला होता, "बाबा, बॅगेत हात घालू नका म्हणून कितीदा सांगायचं? सगळं उलथंपालथं करून ठेवता!" आजोबांनी नुसतं पाणी घ्यायला बॅग उघडली होती. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. मावशींना त्या वेळी कान पकडून पोराला उभं करावंसं वाटलं होतं. वाटलं तेवढंच, केलं काही नाही.

गाइडबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "पण पाच नंबर आला होता," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी ऐकला. तुम्ही सगळ्यांनी ऐकला ना?"

सगळ्यांनी ऐकला होता. मावशींनी तर सगळ्यांपेक्षा नीट ऐकला होता, कारण त्यांचा नंबर चार होता.

२

पोलीस आले. उत्सवाच्या बंदोबस्तातला एक अधिकारी आणि त्याच्याबरोबर एक शिपाई, दोघेही दिवसभर उन्हात उभं राहून करपलेले. गाइडबाई दुभाषाचं काम करत होत्या. अधिकाऱ्याने एकच मुद्द्याचा प्रश्न विचारला. माणूस शेवटचा कुठे दिसला?

त्यावर सगळं अवलंबून होतं. उत्सवाचं मैदान तिथून आठ किलोमीटरवर होतं. तीन वाजल्यापासून तिकडचे रस्ते बंद होते. आजोबा बसमधून उतरून हरवले असतील तर शोधायचं हॉटेलच्या आसपास. ते बसमध्ये चढलेच नसतील तर शोधायचं आठ किलोमीटर लांब, लाखभर माणसांत. दोन्हीकडे पाठवायला माणसं नाहीत, असं अधिकाऱ्याने सरळ सांगितलं. ऊन अजून उतरलं नव्हतं. आजोबांना साखरेचा आजार होता आणि दुपारची गोळी चुकली होती.

चेअरमन पुढे सरसावले. सोसायटीत लिफ्ट बंद पडली तरी ते असेच छाती काढून पुढे येत असणार.

"मी सांगतो. मी स्वतः पाहिलंय त्यांना बसमध्ये. मागच्या सीटवर, खिडकीशी. टोपी डोळ्यांवर ओढून झोपले होते. ती त्यांची मागे पिन लावलेली टोपी, ती बघून मला हसूसुद्धा आलं. म्हणजे उतरल्यावर इथेच कुठेतरी भरकटलेत."

"तुम्ही पाहिलंत?" अधिकाऱ्याच्या वतीने गाइडबाईंनी पोराला विचारलं.

पोराने चेअरमनांकडे बघितलं, मग जमिनीकडे. "हो. म्हणजे, होते ते बसमध्ये. नंबर आला ना त्यांचा."

"उतरताना?"

"उतरताना गर्दी होती. बहुतेक उतरले आमच्याबरोबर."

शोध हॉटेलच्या आसपास सुरू झाला. गाइडबाई शिपायाबरोबर गल्ल्या धुंडाळायला बाहेर पडल्या.

मावशी जेवणघरात तशाच बसून राहिल्या. त्यांना दुपार पहिल्यापासून आठवायची होती.

टाइम ऑफिसात त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. गैरहजर मित्राचं कार्ड दुसराच कोणी पंच करतो तेव्हा ते कधीही उशिरा पंच होत नाही. ज्याचं खरं कार्ड असतं तो धापा टाकत येतो, कधी विसरतो, कधी परत फिरतो. खोटी हजेरी मात्र नेहमी वेळेवर येते. महिनाभर एकदाही उशीर नाही असं कार्ड दिसलं की मावशी गेटवर जाऊन उभ्या राहत आणि हमखास चोर हाती लागे.

आजोबांचा आकडा चार दिवसांत एकदाही वेळेवर आला नव्हता. त्यांना ऐकूच येत नसे. मावशी "चार" म्हणत, मग मागे वळून आजोबांच्या गुडघ्यावर टिचकी मारत, मग आजोबा दचकून म्हणत, "हां, पाच, पाच." गाइडबाईही तेवढं थांबायच्या.

आज मावशींनी "चार" म्हटलं आणि त्या मागे वळणार तोच पाठीमागून "पाच" आला. खणखणीत, लागलीच. धूप आणि धुळीमुळे सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले होते, त्यामुळे आवाज कुणाचा ते कळलं नाही. मावशींच्या मनात आलं, वा, आज आजोबा शिकले! आणि पाय ठणकत होते म्हणून त्यांनी मान वळवलीच नाही.

एकतीस वर्षं ज्या लबाडीला त्यांनी गेटवर पकडलं, ती त्यांच्या पाठीला पाठ लावून बसमध्ये झाली होती. मावशींना स्वतःचीच शिसारी आली.

म्हणजे आजोबा बसमध्ये नव्हतेच. पण हे नुसतं सांगून भागणार नव्हतं. दोन माणसं शपथेवर सांगत होती की ते होते, त्यातला एक सख्खा मुलगा. एका म्हातारीच्या टिचकीसाठी पोलीस आठ किलोमीटर कशाला जातील?

आवाज पाठीमागून आला होता आणि पुरुषाचा होता. पोरगा आणि सून ड्रायव्हरच्या मागे बसले होते, सुनेला बस लागते म्हणून. मावशींच्या मागे दोघेच पुरुष होते. एक चेअरमन आणि दुसरे दातांचे डॉक्टर.

३

डॉक्टर आपल्या खोलीत पाय बादलीत बुडवून बसले होते. तीन नंबर. एकटे आले होते आणि एकटेच असल्यासारखे वागत होते.

"डॉक्टर, आजोबा रोज तुमच्या शेजारी बसतात."

"हो, आणि घोरतात." डॉक्टरांनी बादलीत पाय हलवला. पाणी राखेच्या रंगाचं झालं होतं. "आज नाही घोरले."

"का नाही घोरले, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"मावशी, मी आकडा सांगितला आणि डोळे मिटले. चार तास त्या रेटारेटीत उभा होतो. लोकांचा घाम, थुंकी, सांडलेलं सरबत, पायाखाली चिखल झालेली फुलं. मला कुणाकडे बघायची इच्छा नव्हती."

"शेजारच्या सीटवर काय होतं?"

"पिशव्या होत्या. खरेदीच्या. माझ्या कोपराला टोचत होत्या म्हणून लक्षात आहे."

"कुणाच्या?"

"चेअरमनांच्या असतील. ते मागे येऊन पिशव्या रचत होते. मला वाटलं, आजोबा आज पुढे बसले."

"शेजारी माणसाऐवजी पिशव्या होत्या, हे पोलिसांना नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही," डॉक्टर म्हणाले आणि टॉवेल शोधू लागले. तो दाराच्या खिळ्याला लटकत होता. मावशी त्याच्या शेजारूनच बाहेर पडल्या. त्यांनी तो काही काढून दिला नाही.

जिन्यात सून भेटली. डोकं दाबत काकूंकडे चालली होती, काकू म्हणजे चेअरमनांची बायको, दोन नंबर.

"मावशी, तुमच्याकडे डोकेदुखीची गोळी आहे का हो? माझ्या गोळ्या त्या लाल बॅगेत..."

ती घाईने पुढे जायला निघाली.

ती लाल बॅग सगळ्यांना ठाऊक होती. सकाळी निघताना गाइडबाईंनी बजावलं होतं, मोठ्या बॅगा नेऊ नका, मैदानातल्या मुख्य चौथऱ्याजवळच्या आतल्या भागात पोलीस सोडणार नाहीत. पाणी, टोपी आणि हॉटेलचा पत्ता लिहिलेलं कार्ड, एवढंच अंगावर ठेवा. गर्दीच्या उलट दिशेने जाऊ नका. आणि चुकामूक झाली तर शोधत फिरू नका, जिथे आहात तिथेच थांबा, आम्ही येऊ. सगळ्यांनी बॅगा बसमध्ये ठेवल्या. पोरगा तेवढा ऐकायला तयार नव्हता. बापाचं पाणी, बापाच्या गोळ्या, बापाचं कार्ड, सगळं त्या लाल बॅगेत सुरक्षित राहील म्हणून त्याने ती पाठीला लावली होती.

"बॅग कुठे आहे?" मावशींनी विचारलं.

"बसमध्ये राहिली असेल."

मावशी तशाच पार्किंगमध्ये गेल्या. ड्रायव्हर बस झाडून पुसून दारं उघडी टाकून बसला होता. भाषा कळत नव्हती, पण हातवाऱ्यांनी भागलं. लाल बॅग? ड्रायव्हरने मान हलवली. त्याने मावशींना हात धरून आत नेलं आणि प्रत्येक सीटखाली वाकून दाखवलं. बसमध्ये एक तुटलेली चप्पल आणि केळ्याची सालं होती. बॅग नव्हती.

बॅग बसमध्ये चढलीच नव्हती. पोराच्या पाठीवरची एवढी मोठी बॅग त्याच्या नकळत जाणार नव्हती. आतल्या भागात बॅग नेऊ देत नाहीत. मग ती बाहेर कुणाजवळ तरी ठेवूनच तो आत गेला असणार. कुणाजवळ?

मावशी तडक हॉटेलकडे परतल्या. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. गच्चीवरून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता.

४

गच्चीवर पहिल्या रांगेत चेअरमन बसले होते. बाजूच्या पाच खुर्च्यांवर त्यांनी एकेक वस्तू टाकून ठेवली होती. एकीवर पाण्याची बाटली, एकीवर नकाशा, एकीवर हातरुमाल. आजोबांसाठी खुर्ची धरलेली नव्हती, हे मावशींनी मोजून बघितलं. सहाच होत्या.

काकू मात्र बसल्या नव्हत्या. कठड्याशी उभ्या राहून खाली बघत होत्या. त्यांनी डोक्यावरची निळी टोपी काढली तेव्हा मागचे केस टोपीत अडकले आणि त्या कळवळल्या.

"काय झालं?" मावशी जवळ गेल्या.

"पिन आहे हो याला. सकाळपासून टोचतेय."

मावशींनी टोपी हातात घेतली. मागे आवळून लावलेली सेफ्टी पिन होती.

"काकू, ही टोपी कुणाची?"

"आजोबांची." काकूंचे डोळे भरून आले. "सकाळी बसमधून उतरल्या उतरल्या माझी वाऱ्याने उडाली. मला ऊन बाधतं म्हणून त्यांनी आपली दिली. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, माझं डोकं जुनं आहे, त्याला सवय आहे. नंतर ते मला दिसलेच नाहीत, नाहीतर परत दिली असती."

"तेव्हापासून तुमच्याच डोक्यावर आहे?"

"एकदाही काढली नाही."

मावशी वळल्या. त्यांनी आधी गाइडबाईंना फोन लावला आणि पोलिसांना घेऊन ताबडतोब वर या म्हणून सांगितलं. मग पोराला आणि सुनेला बोलावून घेतलं. ती माणसं येईपर्यंत त्या चेअरमनांच्या समोर उभ्या राहिल्या.

"मावशी, जरा बाजूला. रस्ता दिसत नाही."

"दिसायला काय, तुम्हाला नसलेलंही दिसतं," मावशी म्हणाल्या.

पाच मिनिटांत सगळे जमले. अधिकारी वैतागलेला होता. मावशींनी टोपी वर धरली.

"चेअरमनसाहेब, बसमध्ये आजोबांच्या डोक्यावर पिन लावलेली टोपी बघून तुम्हाला हसू आलं होतं ना?"

"हो, मग?"

"ती टोपी सकाळपासून तुमच्या बायकोच्या डोक्यावर आहे."

चेअरमनांनी बायकोकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच बघत असावेत.

"टोपी बघितली नाही, म्हणजे आजोबांनाही बघितलं नाही," मावशी पुढे म्हणाल्या. "त्यांच्या सीटवर तुमच्या पिशव्या होत्या. डॉक्टरांचं कोपर साक्षीला आहे. आजोबांना कधी पहिल्या हाकेला ऐकू आलंय? आज पाच नंबर माझ्या चारला चिकटून आला. ओ देणारा माझ्या मागे होता आणि त्याचे कान चांगले होते. डॉक्टरांना खोटं बोलायचं असतं तर त्यांनी पिशव्यांचं मला सांगितलंच नसतं. पाच म्हणालात ते तुम्ही."

"अहो, काय बोलता काय!"

"सोसायटीच्या सभेला माणसं कमी पडली की तुम्ही काय करता, ते पहिल्याच दिवशी जेवताना हसत हसत सांगितलं होतंत. कोरम भरायला दुसऱ्याची सही ठोकून देता. म्हणे सभा अडता कामा नये."

चेअरमनांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर घाम आला. "पावणेतीन झाले होते. तीनला रस्ता बंद होणार होता," ते म्हणाले. "एकासाठी सगळे रात्रीपर्यंत अडकलो असतो. कंपनीची दुसरी बस मागून येतच होती. मला वाटलं, आजोबा तिच्यात बसतील. यात माझा काय स्वार्थ होता?"

"खुर्ची," मावशी म्हणाल्या.

गाइडबाई भराभर सगळं अधिकाऱ्याला सांगत होत्या. अधिकाऱ्याने हात वर केला. मैदानात कुठे शोधायचं? ते मैदान बघायला गेलं तर दोन तास लागतील.

"ते यांना माहीत आहे." मावशी पोराकडे वळल्या. "लाल बॅग कुणाजवळ ठेवून आत गेलास?"

पोरगा मागे सरकला. "मावशी, नंबर आला हो त्यांचा. मी ऐकला. मला वाटलं, आले असतील कसेतरी."

"बापाचा आवाज ओळखता येत नाही तुला?"

"मास्क होते..."

"मागे वळून बघायला मान किती वळवावी लागते रे?" मावशींचा आवाज चिरकला. "माझीही वळली नाही, मी तुला वेगळं समजत नाही. पण मी त्यांना रस्त्यात बसवून आले नव्हते. आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा बाप हॉटेलशी उतरला असं मी सांगितलं नव्हतं."

बोलली ती सून.

"बंद बँकेच्या पायऱ्या," ती म्हणाली. "हिरवं शटर आहे. चौथऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उजव्या हाताला. बाबांना चालवत नव्हतं आणि बॅग आत नेऊ देत नव्हते. आम्ही म्हटलं, बॅग सांभाळत बसा, हलू नका, अर्ध्या तासात येतो. मग पोलिसांनी सगळ्यांना दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं. परत जाता येईना." तिने नवऱ्याकडे बघितलं. "मी बसमध्ये म्हणत होते, बाबा कुठायत. तू म्हणालास, गप्प बस, नंबर आलाय."

५

पोलिसांच्या गाडीत अधिकारी, गाइडबाई, पोरगा आणि मावशी एवढेच गेले. गाडी बंद रस्त्यांवरून भोंगा वाजवत निघाली. पोरगा खिडकीकडे तोंड करून रडत होता. मावशींनी त्याला रुमाल दिला नाही.

मिरवणूक मैदानातून केव्हाच पुढे सरकली होती. मागे उरला होता तो कचरा. चिरडलेले कागदी कप, सालं, हजारो पायांनी तुडवलेल्या फुलांचा काळा लगदा, भिंतींच्या कडेला केलेल्या लघवीचा वास. सकाळी याच रस्त्यावर लोक हात जोडून रडताना मावशींनी बघितले होते.

हिरवं शटर लांबूनच दिसलं. पायऱ्यांवर आजोबा बसले होते.

त्यांचं टक्कल उन्हाने भाजून लाल झालं होतं. ओठांना पांढऱ्या पापड्या धरल्या होत्या. मांडीवर लाल बॅग होती आणि दोन्ही हातांनी ती त्यांनी कवटाळली होती. गाडी थांबली तरी ते उठले नाहीत. अंगात त्राणच उरलं नव्हतं. पोरगा धावत जाऊन पुढ्यात बसला तेव्हा ते बारीक आवाजात म्हणाले, "मी हललो नाही हं."

अधिकारी बिनतारी यंत्रावर रुग्णवाहिका मागवत होता. मावशींनी बॅगेची चेन उघडली. वरच गोळ्यांची डबी होती. तिच्याखाली हॉटेलचं कार्ड, त्यावर इथल्या लिपीत पत्ता आणि फोन. येणाऱ्या जाणाऱ्या कुणालाही ते दाखवलं असतं तर दोन तास आधीच हॉटेलवर फोन आला असता. आणि कार्डाखाली पाण्याच्या तीन बाटल्या होत्या. तिन्हींची सिलं शाबूत होती.

"आजोबा," मावशींनी बाटलीचं सील फोडून ती त्यांच्या ओठांना लावली, "पाणी मांडीवर होतं हो! प्यायलात का नाही?"

आजोबांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"त्याची बॅग आहे ना," आजोबा म्हणाले. "हात घातला की रागावतो."

पोरगा तिथेच त्या घाणीत बसला आणि डोकं आपटायला लागला. गाइडबाईंनी त्याला धरलं. मावशींनी फक्त बाटली धरून ठेवली आणि त्या घोट घोट पाणी पाजत राहिल्या.

इस्पितळात सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, वाचतील, पण आणखी तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. आजोबांचा चष्मा आणि कपडे आणायला मावशी हॉटेलवर परतल्या. काकूंनी ते आधीच पिशवीत भरून खाली आणून ठेवले होते. पिशवीवर ती टोपी होती, पिन काढून नीट ठेवलेली.

"मी येते तुमच्याबरोबर," काकू म्हणाल्या. "आजोबांपाशी बसेन. वर नाही बसायचं मला."

"थांबा, मी आलेच," म्हणून मावशी टोपी घेऊन जिना चढल्या.

मिरवणूक नुकतीच हॉटेलसमोर आली होती. घंटांचा आवाज कानठळ्या बसवत होता. डॉक्टर दुसऱ्या टोकाला एकटेच उभे होते. चेअरमन पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर चित्रण करत होते. मावशींना बघून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा हातरुमाल उचलला.

"सापडले ना? मी म्हटलंच होतं, सापडतील. झालं गेलं सोडा आता. या, तुमची खुर्ची राखून ठेवलीय."

मावशींनी त्या खुर्चीकडे बघितलं. मग आजोबांची टोपी तिच्यावर ठेवली, नीट, समोरची बाजू चेअरमनांकडे करून.

"तिथे पाच नंबर बसलाय," त्या म्हणाल्या. "आता मोजणी झाली की द्या त्याची ओ."

आणि त्या जिना उतरून काकूंबरोबर इस्पितळात गेल्या.